भावजींची बोटं

त्यांचं खरं नाव दुकानात येणाऱ्या कुणालाच माहीत नव्हतं. दुकान मेहुण्याचं, म्हणजे बायकोच्या धाकट्या भावाचं. तो त्यांना भावजी म्हणायचा, ते ऐकून गिऱ्हाईकंही भावजीच म्हणू लागली. शाळकरी पोरांपासून पिकल्या केसांच्या वकिलांपर्यंत सगळ्यांचे ते भावजी. "एवढी भावंडं मला झाली कधी?" असं बायको हसून म्हणायची.

दुकान मोठ्या बागेच्या फाटकासमोर होतं. बागेत लोक डिस्क गोल्फ खेळायला येत. जेवणाच्या ताटापेक्षा जरा लहान अशी प्लास्टिकची चकती लांबून फेकायची आणि कमीत कमी फेकींत साखळ्या लावलेल्या लोखंडी टोपलीत घालायची, एवढाच खेळ. ऐकायला सोपा वाटतो, पण मोठमोठ्यांना रडवतो. लांब जायच्या चकत्या पातळ कडेच्या असतात. टोपली जवळ आली की जाड, बोथट कडेची चकती हातात घ्यायची, तिला पटर म्हणतात. डाव जिंकायचा की हरायचा ते पटर ठरवतो, म्हणून खेळाडूचा सगळा जीव त्याच्यात. मेहुणा असे जुने पटर विकत घेऊन, पारखून, पुन्हा विकायचा. वापरून वापरून त्यांच्यावरचा छाप पुसलेला असतो. मग हा कुठल्या प्लास्टिकचा आणि कसा उडणार, हे सांगणार कोण?

सांगणार भावजी. त्यांनी स्वतः उभ्या जन्मात चकती फेकली नव्हती. पण सव्वीस वर्षं त्यांनी प्लास्टिकच्या कारखान्यात काढली होती. बादल्या, झाकणं, नळ्या, जे साच्यातून निघेल ते पहिल्यांदा त्यांच्या हातात यायचं. कारखाना बंद पडला तेव्हा पन्नाशी उलटली होती. त्या वयाच्या माणसाला कोण दारात उभं करतो? मेहुण्यानं केलं. दुकानामागची खोली राहायला दिली आणि काउंटरमागे खुर्ची दिली.

आणि भावजींनी कमाल केली हो! पटर दोन्ही हातांत धरून अंगठ्यांनी मधोमध दाबायचे, कडेवरून बोट फिरवायचे, नखानं हलकेच खरवडायचे. मग काचेवर ठेवून, मान वाकडी करून, एक डोळा मिटून त्याचा फुगवटा बघायचे.

"हा साध्या प्लास्टिकचा," ते सांगायचे. "हाताला छान धरतो, साखळीतून उसळून बाहेर पडत नाही. पण झाडावर चार वेळा आपटला की थकतो. नवा होता तेव्हा शेवटी डावीकडे पडत असेल. आता सरळ जाईल. अजून वर्षभर झोडपलात तर उजवीकडे पळेल. तुम्ही उजव्या हातानं फेकता ना?"

"आणि हा आरपार दिसणारा?"

"तो खडूस. दहा वर्षं आपटा, आहे तसाच राहील. पण थंडीत हातातून निसटेल, मग मला शिव्या देऊ नका."

गिऱ्हाईक बागेत जाऊन फेकून बघायचं आणि तोंडाचा आ वासून परत यायचं. "आमचं दुकान भावजींच्या बोटांवर चाललंय," असं मेहुणा येईल त्याला सांगायचा. ते ऐकलं की भावजी उगाचच काच पुसायला घ्यायचे. सुखावलेला माणूस कुठेतरी तोंड लपवणारच.

तीच बोटं गेली. एका दिवसात नाही. आधी पायांना मुंग्या आल्या, मग हातांना, मग मुंग्याही यायच्या थांबल्या. डॉक्टर म्हणाले, साखरेनं नसा खाल्ल्या आहेत, गेलं ते परत यायचं नाही, निदान गरम वस्तूंपासून जपा. भावजींनी मान डोलावली आणि कुणाला चकार शब्द सांगितला नाही. बायकोलाही नाही. शर्टाची बटणं लावताना त्यांची बोटं घसरताना बघून तिनंच ओळखलं. ती भावाला सांगायला निघाली, तेव्हा त्यांनी तिचा हात धरला.

"सांगू नकोस. बोटं गेली म्हटल्यावर मी त्याच्या दुकानात कोण? फुकट खोलीत राहणारा बहिणीचा नवरा."

"तो तसा नाही हो."

"तो तसा नाही, म्हणूनच. तो मला काही बोलणार नाही, नुसता पोसेल."

मूर्खपणाच म्हणा हवा तर! पण माणसाचा ताठा कुठे जाऊन बसेल, सांगता येत नाही. बायको गप्प बसली आणि रोज सकाळी त्यांची बटणं लावू लागली.

भावजींनी नवी युक्ती काढली. ओठ शाबूत होते. पटर वास घेतल्यासारखा तोंडाजवळ न्यायचा, कड हळूच खालच्या ओठावरून फिरवायची, मग टिचकी मारून आवाज ऐकायचा. खरखरीत की गुळगुळीत, मऊ की कडक, बरंचसं कळायचं. गिऱ्हाइकांना वाटलं, ही वरची विद्या! दोन-तीन पोरं आपापले पटर ओठांवर घासत बागेत फिरू लागली. भावजींना आधी हसू आलं, मग ते हसू मावळलं.

कारण ओठांना सगळं कळत नव्हतं. एकदा त्यांनी कडक पटर मऊ म्हणून दिला. गिऱ्हाईक तणतणत परत आलं, तर मेहुण्यानं त्यालाच सुनावलं. "भावजी चुकले? शक्यच नाही. तुमचा हात तपासा." तो माणूस ओशाळून निघून गेला. भावजींनी मान वर केली नाही.

मग स्पर्धेचा आठवडा आला. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. एक शाळेतल्या बाई धावतपळत आल्या. त्यांचा अकरा वर्षांचा पटर गाडीत काचेमागे उन्हात राहून वाकला होता, त्याची कड एका बाजूनं उचलली गेली होती.

"दुपारी माझा डाव आहे. दुसऱ्या पटरनं मला जमत नाही भावजी, काहीही करा."

"आण इकडे. गरम पाण्यात घातला की अंग सोडेल. तेवढ्यात सरळ करायचा, नि फरशीवर वजनाखाली गार करायचा. घाबरतेस काय!"

त्यांनी किटलीतलं उकळतं पाणी टबात ओतलं आणि पटर आत सोडला. या कामाला ते नेहमी लाकडी चिमटा वापरत आणि मिनिटं घड्याळावर मोजत. पण चिमट्यानं उचलून पुन्हा पुन्हा बघण्यात वेळ चालला होता, बाई घड्याळाकडे बघत होत्या, मागे माणसं खोळंबली होती. आणि बघणारे एवढे जण असले की भावजींना थोडा चेव यायचाच. अस्तन्या वर करून त्यांनी दोन्ही हात टबात घातले.

"हे बघा, कड अशी दोन्हीकडून धरायची," ते समजावून सांगू लागले. "घाई नाही करायची. हळूहळू दाबत न्यायची. प्लास्टिक आपणहून आठवतं, आपण मूळचे कसे होतो."

सगळे गप्प झाले. एवढी शांतता दुकानात कधी नसायची. भावजींना वाटलं, लोक मन लावून ऐकताहेत. त्यांनी आवाज आणखी खाली आणला, पटर पाण्यातच फिरवून दुसरी बाजू धरली.

"भावजी, हात!" बाई किंचाळल्या.

मेहुणा गर्दीतून घुसला. वाफ बघून त्यानं टबात बोटाचं टोक बुडवलं आणि ओरडून मागे घेतलं. मग भावजींचे हात मनगटाला धरून बाहेर ओढले. मनगटापर्यंत लालभडक झाले होते. बोटांवरची कातडी पांढरी पडून सुटत होती. आणि त्या हातांत पटर अगदी सरळ झालेला होता.

"भावजी, दुखत नाही तुम्हाला?"

"दुखतंय की! दुखणार नाही तर काय?" भावजींनी घाईघाईनं तोंड वेडंवाकडं केलं. "काम अर्धवट कसं सोडायचं? कारखान्याची सवय."

मेहुण्याचा विश्वास बसला की नाही, कळायला मार्ग नव्हता. नळाखाली हात धरायला लावून त्यानं दुकान तसंच उघडं टाकलं आणि त्यांना गाडीत घातलं. बायको मागे बसली.

दवाखान्यात त्यांना खाटेवर बसवलं. "जखमा साफ कराव्या लागतील, फार दुखेल," सिस्टर म्हणाली. "बघवणार नाही तुम्हाला. तोंड तिकडे करा."

भावजींनी तोंड भिंतीकडे केलं. समोर कोपऱ्यात मेहुणा उभा होता, त्यांच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत. भावजींनी दात आवळले. डोळे घट्ट मिटले. मग हळूच कण्हायला सुरुवात केली.

"आई गं... सिस्टर, जरा हळू. अगं आई गं! जीव जातो की काय!"

"काका," सिस्टर गोंधळून म्हणाली. तिच्या हातात अजून कापसाची पुडी होती, ती उघडायची होती. "मी हात लावलाच नाही अजून."

मेहुण्यानं तोंड फिरवलं आणि बाहीनं डोळे पुसले.

"अहो," बायको म्हणाली, "पुरे आता."

भावजी कण्हायचे थांबले.