वळणावरची शाल

आमच्या घरात माझी एक गोष्ट सांगतात. आजी म्हणे मोटारीच्या शर्यतीत बसली होती, वाऱ्यानं तिची शाल उडाली आणि आमची गाडी हरली. सुना पाहुण्यांना सांगतात, नातवंडं शाळेत सांगतात. गोष्ट गोड आहे. तिच्यातला वारा तेवढा खोटा आहे.

तेव्हा मी बावीस वर्षांची होते आणि मॅट्रिक झालेली होते, आणि या दोन गोष्टींचं मला इतकं कौतुक होतं की डोक्यात तिसरी शिरायला जागाच नव्हती. यजमान बेळगावात वकील. कॅम्पातले गोरे साहेब लोक आपसात मोटारी पळवायचे, आमचे पुरुष कुंपणाबाहेरून बघायचे आणि घरी येऊन म्हणायचे, ह्यात काय मोठंसं, आपणही करू. अशा रीतीनं आमचं मोटार मंडळ निघालं. मोटारी चार. एक आमची, एक डॉक्टरांची, एक निपाणीच्या तंबाखूच्या व्यापाऱ्यांची (त्यांना सगळे अण्णा म्हणत) आणि एक खानापूरच्या लाकडाच्या कंत्राटदाराची. अध्यक्ष कोण, यावर तीन बैठका झाल्या. चिटणीस कोण, यावर एकही झाली नाही, कारण ते काम कुणालाच नको होतं. माझं अक्षर चांगलं म्हणून ते मला दिलं. मला वाटलं, अकलेवर दिलं.

पहिल्या वर्षी आम्ही बेळगाव ते खानापूर शर्यत लावली. निघताना बघायला अकरा माणसं होती, त्यातली चार आमच्याच घरची. खानापुरात पोचताना कंत्राटदारांचा कारकून तेवढा उभा होता. त्यानं आपल्या मालकाला पहिलं ठरवलं. डॉक्टर दोन महिने कंत्राटदारांशी बोलले नाहीत.

मंडळ वाढवायचं कसं, या काळजीनं मी वाळत चालले होते. एका सकाळी मागच्या अंगणात आमचा ड्रायव्हर मोटारीखाली झोपून काहीतरी आवळत होता. बेळगावजवळच्या मच्छे गावचा माणूस, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा. मी त्याला अरे-तुरे करायची. आधी तो बैलगाड्यांच्या शर्यतीत गाडी हाकायचा, मग लाकडाच्या लॉरीवर होता, मग आमच्याकडे आला. मी त्याच्या पायांना उद्देशून म्हटलं, "माणसं का येत नाहीत रे आपल्या शर्यतीला?"

मोटारीखालून आवाज आला, "कशाला येतील वो, वैनीसाहेब? मोटार गेली की मागं धूळ ऱ्हाती. धूळ बघायला कोण येतंय?"

"मग काय करावं म्हणतोस?"

"बैलांच्या शर्यतीगत करा की. मैलावर निशाण रोवायचं, त्याला वळसा घालून म्हागारी यायचं. जातानाबी बघायला गावतंय, येतानाबी. आन् खरी गंमत वळणावर असती."

चार दिवसांनी बैठकीत मी ही कल्पना मांडली. म्हटलं, मला परवा पूजा करताना सुचली. पुरुषमंडळी माझ्याकडे बघतच राहिली. यजमानांनी मिशीवरून हात फिरवला. ड्रायव्हर दारातच उभा होता, हातात फडकं घेऊन. मी त्याला चहा सांगायला आत पाठवलं.

मच्छ्याच्या रस्त्यावर निशाण रोवलं. हलगी लावली. अख्खी गावं लोटली. आणि आमच्या चारही मालकांना मोटार वळवता येत नाही, हे हजारो डोळ्यांना एकाच दिवशी कळलं. अण्णांनी निशाणच आडवं केलं. डॉक्टर जोंधळ्यात घुसले आणि तिथून हात हलवत राहिले, जणू तिथंच जायचं होतं. कंत्राटदारांची मोटार बंद पडली, ती शेवटी बैल जुंपून आणली. यजमानांनी मागं-पुढं, मागं-पुढं करत एवढा वेळ घेतला की लोक मोजायला लागले. एक म्हातारी ओरडली, "वकीलसाहेब, तारीख पडली काय वो?"

मी हसू दाबलं नाही, हेही सांगून टाकते. रात्री यजमान रुसून पानावर आले नाहीत, मी बाकी सगळ्यांना वाढून जेवायला बसले.

पण गर्दी जमली होती. पुढच्या वर्षी अण्णांनीच तोडगा काढला. मालकांनी मानानं खुर्च्यांवर बसावं आणि ड्रायव्हरांनी पळवावं. वर त्यांनी जाहीर केलं, "माझी निपाणी-बेळगाव उतारूंची सर्व्हिस मोटार निघतीय. जो जिंकंल तो तिच्यावर. पक्की नोकरी, आन् वखारीमागं ऱ्हायला खोली."

आमचा ड्रायव्हर आमच्या मोटारीशेजारी, पत्र्याखाली झोपायचा. बायको मच्छ्यात सासूजवळ. आठवड्यातून एकदा, तेही आम्हाला कुठं जायचं नसलं तर, तो तिच्याकडे जाऊन यायचा. आम्हाला बहुधा कुठंतरी जायचंच असायचं. मीच बेत काढायची.

शर्यतीच्या आधी तो स्वयंपाकघराच्या दाराशी आला. टोपी हातात. "वैनीसाहेब, मी पळवू न्हवं? जिंकलो तर मला निपाणीला जावं लागंल. मागनं नको म्हणू नकासा."

"जिंक की," मी म्हटलं. "तुला कोण अडवतंय?"

आणि आत येऊन नियम लिहायला बसले. तो गेला असता तर मंडळाच्या चार मोटारी चार अंगणांत तुळशीवृंदावनासारख्या उभ्या राहिल्या असत्या, कारण चारही तोच दुरुस्त करायचा. माझं चिटणीसपण त्याच्या पान्यावर उभं होतं. मी नियम लिहिला की प्रत्येक मोटारीत मालकाच्या घरचं एक माणूस साक्षीला बसेल, म्हणजे कुणी निशाणाच्या अलीकडूनच वळलं तर कळेल. यजमान पंचांत. राहिले मी.

त्या दिवशी मी नटून बसले, ते आठवलं की आजही माझ्याच मुस्काटात द्यावीशी वाटते. जरीकाठी लुगडं, यजमानांचा काळा चष्मा आणि वर काश्मिरी शाल, भर उन्हात! लोक "बाई बसली, बाई बसली" म्हणत होते आणि मी मान अशी धरली होती की दुसऱ्या दिवशी तेल लावून घ्यावं लागलं.

तो पहिल्यापासून पुढं होता. निशाण दिसलं. निशाणापाशी मच्छ्याची माणसं, आणि त्यांच्यात पुढं त्याची बायको, नवं लुगडं नेसून, डोक्यावरचा पदर दातांत धरून. त्यानं गिअर बदलला, मोटार जवळजवळ उभी केली आणि एवढ्याशा जागेत अशी वळवली की लोकांनी टोप्या उडवल्या. मागचे तिघं अजून लांब होते. आता सरळ रस्ता होता.

मी शाल खांद्यावरून काढली आणि टाकली.

"थांब! शाल पडली माझी!"

त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. ब्रेक लावला. वैनीसाहेबांनी थांब म्हटल्यावर न थांबणं त्याला येत नव्हतं आणि ते मला चांगलं ठाऊक होतं. तो उतरला. चालत मागं गेला. पळाला नाही. शाल उचलली, झटकली, उन्हात धरून तिच्या काठातलं कुसळ काढलं, घडी घातली. तेवढ्यात तीन मोटारी आल्या, वळल्या, गेल्या. त्याच्या बायकोनं दातांतला पदर सोडला होता.

शाल माझ्या मांडीवर ठेवत तो हळू म्हणाला, "वळणावर मोटार उभीच असती, वैनीसाहेब. वारं कुठनं आलं?"

मी म्हटलं, "चल. उशीर होतोय."

डॉक्टरांचा ड्रायव्हर जिंकला. त्याची बायको बेळगावातच होती, त्याला निपाणीला जायचंच नव्हतं. तरी गेला. मी त्याच्या गळ्यात हार घातला, आणि वाऱ्यानं आमची कशी फजिती केली ते सगळ्यांना हसत हसत सांगितलं. आमचा ड्रायव्हर बॉनेटला टेकून ऐकत होता.

तो नोकरी सोडून गेला नाही. दुसऱ्या दिवशी मोटार धुतली, रोजच्यासारखी. फक्त एक नवी सवय लागली त्याला. कुठंही जाताना वळण आलं की मोटार हळू करायची, मागं बघायचं आणि विचारायचं, "शाल हाय न्हवं, वैनीसाहेब?" माहेरच्या माणसांसमोर, जजसाहेबांच्या बायकोसमोर, एकदा तर माझ्या धाकट्या दिरासाठी मुलगी बघायला जाताना माझ्या सासरच्यांच्या गराड्यात. आणि मी म्हणायची, "आहे." बेळगावात वळणं किती आहेत ते मला त्या वर्षांत कळलं. त्याला काढून टाक असं मी यजमानांना कधी म्हटलं नाही. कारण सांगावं लागलं असतं.

मंडळ वाढलं. मोटारी अकरा झाल्या, लोक संकेश्वराहून यायला लागले. ड्रायव्हरांची शर्यत मात्र मी पुन्हा लावली नाही. बैठकीत मी म्हणाले, गरिबांना आशा लावणं बरं नव्हे. सगळ्यांनी माना हलवल्या.

मग लढाई आली. पेट्रोल मोजून मिळायला लागलं, मंडळ आपोआप बंद झालं. लष्कराला ड्रायव्हर हवे होते. तो नाव देऊन आला आणि मग सांगितलं. या वेळी विचारलं नाही.

निघताना पाया पडायला आला. मी आतून ती शाल आणली. म्हटलं, "घे. थंडीच्या मुलखात पाठवतील."

त्यानं घडी उलगडून पाहिली, जरीच्या काठावरून बोट फिरवलं, पुन्हा तशीच घडी घातली आणि माझ्या हातात दिली.

"ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "तुमास्नी लागंल. कुणाला तरी थांबवायला."

दुसऱ्या सकाळी यजमानांनी मोटार सुरू करायला स्वतः तिचं पुढचं हँडल मारलं. ते उलटं फिरलं आणि त्यांचं मनगट मोडलं. मोटार चालू झाली नाही.