उसामधली वाट

शहाद्याकडच्या एका गावात, जिल्हा परिषदेच्या शाळेत रमिलाबाई पोरांची खिचडी शिजवायची. राहायची मात्र गावाबाहेर, शेतमजुरांच्या वस्तीवर. मधली वाट दोन्ही बाजूंच्या उसाने दाबलेली. वस्तीवरची पोरं त्याच वाटेने शाळेत यायची, आणि तिची तिसरीतली रूपाही त्यांच्यातच.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी वस्तीवरच्या सुकरामचा मुलगा उसाच्या कडेला परसाकडला बसला होता. बिबट्याने त्याला तिथूनच ओढून नेलं. शाळेला सुट्टी होती, म्हणून रमिलाबाई शेजारच्या कपाशीत निंदत होती. तिला किंकाळी ऐकू आली नाही, फक्त पाचट मोडल्याचा आवाज आला. डुक्कर असेल म्हणून तिने मानही वर केली नाही. संध्याकाळी माणसं बॅटऱ्या घेऊन उसात शिरली आणि पोराचा देह उचलून बाहेर आणला, तेव्हा सुकरामची बायको वाटेवरच आडवी पडली. त्यानंतर शाळेमागच्या वाळल्या पाल्यात वारा शिरला, तरी रमिलाबाईचा पळीवरचा हात थांबायचा.

वस्तीने पोरं घरी बसवली. मुख्याध्यापक इंद्रसिंग गुरुजींनी वनरक्षकाला शाळेत बोलावलं. एकटं जायचं नाही, बोलत-गात जायचं, उसाजवळ खाली बसायचं किंवा वाकायचं नाही, असं त्याने पोरांना समजावलं. समोर आलाच तर पाठ फिरवून पळायचं नाही. सगळ्यांनी चिकटून उभं राहायचं, दप्तरं डोक्यावर धरायची आणि ओरडायचं. रमिलाबाई चुलीजवळ उभी राहून ऐकत होती. वनरक्षक गेल्यावर ती गुरुजींकडे आली.

"गुरुजी, पोरेस्ले मी लई येसू. लई बी जासू."

"एकट्या?"

"मन्ही रूपा बी त्यासमाच शे."

दुसऱ्या दिवसापासून ती पोरांना आणू-नेऊ लागली. एका हातात स्टीलची थाळी, दुसऱ्या हातात पळी. वाटेत मध्येच ती ओरडायची, "वाघ!" आमच्याकडे बिबट्यालाही वाघच म्हणतात. ती ओरडली की लगेच पोरांनी गोळा व्हायचं, लहानांना मध्ये घ्यायचं. पोरांना तो खेळ वाटायचा, ती हसायची. एकदा वस्तीवरच्या भाईदासचा योगेंद्र पडलेली गोटी उचलायला वाकला, तर तिने त्याच्या पाठीत धपाटा घातला. पोरगं रडत घरी गेलं, भाईदास भांडायला आला. तिने ऐकून घेतलं, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा "वाघ!" म्हणून ओरडलीच.

माघात ऊसतोड या वाटेपर्यंत आली. एक-एक शेत मोकळं होऊ लागलं, तसा जनावराचा आसरा कमी होत गेला. त्या दिवशी शाळा सुटल्यावर पोरं पाढे म्हणत निघाली होती. वळणावर रमिलाबाईला बांधावर काहीतरी पिवळट दिसलं. आधी तिला वाटलं, कुणीतरी पोतं टाकलंय. मग पोत्याने मान वळवली.

तिच्या तोंडून "वाघ" निघेना. तिने थाळीवर पळी आपटली, पुन्हा आपटली. पोरांनी पाहिलं आणि पाढे तुटले. तरी ती एकमेकांना चिकटली, दप्तरं वर गेली. बिबट्या उठला नाही, पळाला नाही. पोट जमिनीला लावून त्यांच्याकडेच बघत राहिला. शेपटीचं टोक तेवढं हलत होतं.

तेवढ्यात मागून रूपा किंचाळली, "माय वं!" ती शाळेकडे पळायला निघाली होती. रमिलाबाईला पावलांवरून कळलं, पण मान वळवता येईना. नजर हलवली असती तर तो झेपावला असता, असं तिला वाटत होतं. पोटची पोर पाठीमागे सुटत होती आणि ती थाळी बडवत पुढेच बघत होती.

"सोडू नको तिले! धरी ठेव!" ती ओरडली, कुणाला ते तिलाही ठाऊक नव्हतं.

सातवीतल्या निर्मलाने रूपाच्या दप्तराचा बंद मनगटाला गुंडाळून तिला मागे खेचलं. सगळी पोरं बेंबीच्या देठापासून ओरडत होती. बिबट्या उभा राहिला, एक पाऊल पुढे आला. मग अंग वळवून उसात शिरला. पाचट मोडत गेलं, आणि आवाज थांबला. तो लांब गेला की आतच बसलाय, हे कुणाला कळणार?

पळता येत नव्हतं. तसाच घोळका करून, वळण मागे टाकत, उलट्या पावलांनी, ओरडत ओरडत सगळी वस्तीवर पोचली. घरात शिरल्यावर रमिलाबाईची बोटं पळीवरून सुटेनात, ती शेजारणीने एकेक करून सोडवली.

वनखात्याने पिंजरा लावला. पुढच्या आठवड्यात एक मादी सापडली. वाटेवर दिसलेली हीच होती का, हे कुणी छातीवर हात ठेवून सांगत नव्हतं. आता भाईदास आणि आणखी एकजण काठ्या घेऊन पोरांबरोबर येतात. रूपाने मात्र शाळेचं नावच टाकलं. दारात उभी राहायची आणि परत फिरायची. रमिलाबाईने ओढलं नाही, रागावलीही नाही.

एका सकाळी वेणी घालून घेताना रूपाने विचारलं, "माय, तुले भ्याव लागत नही का?"

"लागस. रोज लागस."

रूपाने वेणी पूर्ण होऊ दिली. मग तिने दप्तर घेतलं आणि घोळक्याच्या अगदी मध्ये, निर्मलाचा हात धरून उभी राहिली. रमिलाबाईने पोरं मोजली आणि दोनाचा पाढा सुरू करायला सांगितलं, मोठ्याने.