कल्ले उघडून बघणारी आये

मला बघायला आले तेव्हा माझ्या होणाऱ्या सासूबाईंनी पोह्यांना हातही लावला नाही. त्या उठल्या, माझी हनुवटी धरून चेहरा खिडकीच्या उजेडाकडे वळवला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट दाखवून म्हणाल्या, "थंय काय लिवलेला आसा ता वाच बघया." मी वाचून दाखवलं. तरी समाधान नाही. "चष्मो काढून ठेवलंस नाय मा गो?" माझ्या आईचा चेहरा पडला. शेवटी सासरे हसत मध्ये पडले. "मनार घेव नकात. ती मासळी इकता. कल्ले उघडून बघितल्याशिवाय तिका काय पटना नाय."

अठ्ठ्याण्णव साली मी पिंगुळीहून मालवणच्या किनाऱ्यावरच्या त्या घरात आले. सासूबाईंना सगळी वाडी 'आये' म्हणायची, मीही म्हणू लागले. जिथे समोरचा प्रत्येक जण 'ताजी फडफडीत' म्हणून छातीठोक खोटं बोलतो, त्या बाजारात आयेनं जन्म काढला होता. सुरमईचे कल्ले लाल आहेत की काळपट, हे बघितल्याशिवाय तिनं कधी लिलावात तोंड उघडलं नाही. हळूहळू सगळं जगच तिला पाटीत मांडलेलं दिसायला लागलं असावं. मतं मागायला आलेला उमेदवार असो, गोड बोलणारा पाहुणा असो की रेडिओवर वादळाचा इशारा देणारा माणूस, सगळ्यांना तिचं एकच सांगणं असे, "आधी कल्ले दाखय, मगे बोल." मी सुरुवातीला तिला फार भ्यायचे. माझ्या हातचा भात ती दोन बोटांत चिरडून बघायची आणि चांगला शिजलेला निघाला तर जास्तच विचारात पडायची.

पुढे तिला तहान लागायला लागली. कळशी भरून ठेवावी तर दुपारपर्यंत रिकामी. आयेनं आजाराचा विचारच केला नाही. तिचा संशय गेला विहिरीवर. "बावीत कोणी तरी खारा पाणी सोडल्यान," असं ती जाहीर करून मोकळी झाली आणि शेजारच्या शेवंतीकाकीकडे बघण्याची तिची नजर बदलली. अंगावरचं मांस उतरू लागलं तेव्हा कुठे माझ्या नवऱ्यानं, सुरेशनं, तिला ओढून डॉक्टरकडे नेलं. रक्त तपासून डॉक्टर म्हणाले, मधुमेह आहे, साखर बरीच वाढली आहे.

"साकर? माझ्या रगतात?" आये डॉक्टरवरच उखडली. "जल्मभर खाऱ्या वाऱ्यात बसलंय मी. माझ्या रगतात मीठ आसतला. साकर खंयसून येतली?"

तिच्या मते बाटल्या बदलल्या होत्या. म्हणून ती कोणाला न सांगता एकटीच एसटीनं कुडाळला गेली आणि तिथे दुसरीकडे रक्त देऊन आली. डॉक्टर लोक आतून एकमेकांना मिळालेले असतात, हे तिला पक्कं माहीत. त्यामुळे तिनं तिथे स्वतःचं नाव सांगितलंच नाही, शेवंतीकाकीचं सांगितलं. साखर पहिल्यापेक्षा जास्त निघाली. आयेनं तो कागद घरी आणला आणि सरळ कुंपणावरून शेवंतीकाकीच्या हातात ठेवला. "घे. साकर तुझ्या नावार इली."

बिचाऱ्या काकीनं चहा सोडला, भात सोडला, मुलीला सासरहून बोलावून घेतलं. खरा प्रकार बाहेर आला तेव्हा काकीनं कुंपणाशी उभं राहून आयेच्या सात पिढ्या उद्धरल्या. आयेनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि आत येऊन मला म्हणाली, "बघ कशी बोलता. तिकाच साकर आसतली."

मग घरात गोळ्या आल्या, पथ्य आलं, आणि मी तिची पहिल्या नंबरची संशयित झाले. तिच्या चहाचा कप मी पुढे केला की ती माझा उचलायची. त्यातही साखर नसायची, कारण तिचा स्वभाव ओळखून मी सगळ्यांचाच चहा बिनसाखरेचा करत असे. सुरेश तो तोंड वाकडं करून प्यायचा, आणि त्याचं तोंड बघून आयेला वाटायचं, ह्याच्याच कपात काहीतरी आहे.

सुरेशनं पणजीहून घरी साखर तपासायचं मशीन आणलं, त्या दिवशी मला वाटलं आता तरी सुटले. आयेनं मशीन उलटं केलं, सुलटं केलं, वास घेतला. मग म्हणाली, "मशीन माझ्या झिलान हाडल्यान, आकडो तू वाचतलंस, गोळी तू देतलंस. सगळा एकाच घरातला. हेका साक्षीदार कोण? आधी तुमी टोचून घेवा." नाइलाजानं सुरेशनं बोट पुढे केलं, मी केलं. आमचे आकडे ठीक आले तशी ती जास्तच चिडली. "माझोच तेवढो वाईट येता काय? शिरा पडो त्या मशिनीर." मग ओटीवर जाळं विणत बसलेल्या सासऱ्यांची पाळी आली. त्यांना आम्ही तात्या म्हणायचो. तात्या खुशीत होते. बायकोला पथ्य लागल्यापासून तिच्या वाटचे मोदक, शिरवाळ्यांचा गोड नारळरस, सगळं तेच संपवत होते. मशीननं त्यांचा आकडा दाखवला. तो आयेपेक्षाही मोठा होता.

आयेला इतका आनंद झालेला मी लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिला. "मशीन बरी आसा गो!" ती म्हणाली. "तात्यांची चोरी पकडल्यान." त्या दिवसापासून ती मशीनवर विश्वास ठेवू लागली आणि तात्यांच्या मागे लागली. जत्रेहून आले की त्यांना दारातच तोंड उघडायला लावायची.

"आल्याचो वास येता. खाजा खाल्ल्यात?"

"खाजा खंयचा? खोकलो झालोहा म्हणान आला चघळलंय."

"मगे खोकून दाखवा."

तात्या खोकायचे. खरोखर चांगलं खोकायचे. आये बाजूनं फिरून त्यांचा खोकला तपासायची आणि मग त्यांच्या सदऱ्याच्या खिशात हात घालून गुळाचे कण बाहेर काढायची. आम्ही हसून लोळायचो. दोन आजारी माणसं असलेलं घर इतकं हसू शकतं, हे मला माहेरी कोणी सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता.

एका गोष्टीवर मात्र मला हसू येत नसे. डॉक्टरांनी तिला पायांची काळजी घ्यायला सांगितली होती. मऊ तळव्यांच्या चपला घ्या, अनवाणी फिरू नका. आयेला वाटलं, चपलांच्या दुकानात डॉक्टरचा वाटा असणार. सुरेशनं चपला आणल्या तर तिनं त्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून खुंटीला टांगल्या. बाजारात चिखल असतो, माशांचं पाणी असतं, तिथे नव्या चपला कोण घालणार? ती पूर्वीसारखीच अनवाणी जात राहिली.

एका दुपारी ती बाजारातून आली ती फुशारक्या मारतच. पाटीतला शिंगाळा मासा तिच्या पायावर पडला होता. शिंगाळ्याचा काटा ज्याला लागलाय त्यालाच त्याची कळ ठाऊक. त्या काट्यानं भलेभले खलाशी वाळूत गडाबडा लोळतात. आयेच्या पायात काटा घुसून मोडला तरी तिनं 'हाय' केलं नव्हतं. बाजारातल्या बायका तोंडाला पदर लावून बघत राहिल्या म्हणे. "आता शिंगाळो पण माका भियाता," ती तात्यांना सांगत होती. "कातडा कसा झालाहा बघा, दगडासारख्या." तात्यांनीही कौतुकानं मान डोलावली.

मी हातातलं काम टाकून तिच्याकडे बघत राहिले. इतकी वर्षं तिच्या हाताखाली काढल्यावर संशय घ्यायला मीही शिकले होते. पाय धुवायला म्हणून मी तिला पायरीवर बसवलं. अंगठ्याच्या मुळाशी काट्याचं टोक होतं, पण मला दिसला तो त्याच्या शेजारचा भाग. दोन बोटांच्या बेचक्यात काळपट ओलसर जखम होती, चांगली जुनी. तिला वास येत होता. माशांच्या वासात तो कोणाला कळला नव्हता.

"आये, डॉक्टरकडे जावया. आत्ताच."

"गेलो काटो निघान. डाक्टराक तू मिळाललं आसस."

तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी तिच्या डोळ्यांवर तिचाच पदर बांधला. "तुमीच बघा मगे. मी पायाच्या बोटाक हात लायतंय. खंयच्या बोटाक ता सांगा."

"लाय तरी."

"लायलंय."

"खंय लायलंस? फटयतंस माका."

मी जोर दिला. नख रुतवलं. तिला पत्ता नाही. तात्या शेजारीच उभे होते, त्यांचा चेहरा उतरत चालला होता. आयेनं त्यांना विचारलं, "अवो, हिणा खराच हात लायल्यान?"

"लायल्यान गो," तात्या कसेबसे म्हणाले.

"तुमी पण हिकाच मिळालात!" असं म्हणून तिनं पदर ओढून काढला.

माझं नख तिच्या अंगठ्यात रुतलेलं होतं. कातडी पांढरी पडली होती. ती त्या बोटाकडे बघत राहिली, मग माझ्याकडे, मग पुन्हा बोटाकडे. तिनं माझा हात बाजूला केला आणि स्वतःच्या नखानं तिथेच दाबलं. पुन्हा दाबलं. मग म्हणाली, "ह्यो पाय माका काय सांगनाच नाय गो." तिचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता. मला रडू आलं. ती मात्र रडली नाही, भिंतीला धरून उठली आणि म्हणाली, "चल. खंय नेतंस थंय ने."

गोव्याच्या मोठ्या इस्पितळात नेलं. उशीर झाला असता तर गुडघ्यापर्यंत गेलं असतं, असं तिथले डॉक्टर म्हणाले. दोन बोटं काढावी लागली, पाय वाचला. ऑपरेशनच्या आधी तिची एकच अट होती, कापलेली बोटं तिला दाखवायची. डॉक्टरांनी पुष्कळ समजावलं, पण ती कुठली ऐकायला! शेवटी त्यांनी दाखवली. आयेनं मान वाकडी करून ती नीट निरखली आणि म्हणाली, "व्हय, नासलेली." मग कुशीवर वळून झोपली.

घरी आल्यावर तिचं पाटी घेऊन बाजारात जाणं सुटलं. वाकता येत नव्हतं, नजरही अधू झाली होती. दिवेलागणीला ती ओटीवर बसायची आणि पाय माझ्या मांडीवर ठेवायची. मी तळवे बघायचे, बोटांच्या बेचक्या बघायचे. "काय आसा?" ती विचारायची. "काय नाय, आये," मी सांगायचे, आणि ती पुढे काही न विचारता पाय ओढून घ्यायची. एकदा मला वाटलं, हिला स्वतःला बघता आलं तर बरं, म्हणून मी आरसा आणून तळव्यापाशी धरला. तिनं तो हातानं दूर केला. "आरसो कशाक व्हयो? तू बघलंस मा?" मी आरसा आत ठेवायला गेले आणि बराच वेळ बाहेरच आले नाही.

दोन हजार दहाच्या सुरुवातीला आये गेली. पायानं नाही, हृदयानं. सकाळी चहा घेता घेता मान कलती झाली. सवाष्ण गेली म्हणून बायकांनी तिला हळदीनं माखलं. पायांना हळद लावायचं काम माझ्याकडे आलं. शेवंतीकाकी घाई करत होती, बाहेर माणसं खोळंबली होती. मी मात्र दोन्ही तळवे उजेडाकडे वळवून बघितले, उरलेल्या बोटांच्या बेचक्या उघडून बघितल्या. कुठे ओरखडासुद्धा नव्हता. "काय नाय, आये," माझ्या तोंडून गेलं.

"कोणाक सांगतंस गो?" काकीनं विचारलं.

दाराशी तात्या उभे होते. ते म्हणाले, "सांगू दी हिका. हिच्याच शब्दार होतो तिचो इस्वास."