निवांतरावांची आई कचेरीत बसते

पाणीपुरवठा खात्याच्या तक्रार खिडकीमागे जे कारकून बसायचे, त्यांना सगळी कचेरी निवांतराव म्हणायची. तोंडावर म्हटलं तरी त्यांना राग येत नसे. रागवायलासुद्धा थोडे कष्ट पडतात. नळ कोरडा म्हणून एखादा तणतणत आला की ते आधी चष्मा पुसत, मग खिडकीची काच पुसत, आणि तोवर समोरच्याचा पारा आपोआप उतरे.

साहेबांनी नाना उपाय केले. अंगठ्याचं यंत्र बसवलं, तर निवांतराव वेळेवर अंगठा लावून चहाला जाऊ लागले. 'कामातला आनंद' या विषयावर दिवसभराचं शिबिर ठेवलं, त्यात त्यांना फार छान झोप लागली. उत्तम कर्मचाऱ्याचा फोटो भिंतीवर लावायचा घाट घातला, पण ज्याचा फोटो लागेल त्याच्याच टेबलावर सगळ्यांच्या फायली येऊन पडणार हे ओळखून जो तो मागे सरला.

अशात निवांतरावांच्या घरी रंगकाम निघालं. बायको नोकरीवर, आणि रंगाच्या वासानं आईला खोकल्याची उबळ यायची. आई निवृत्त कंडक्टर. उभा जन्म भरलेल्या बसमध्ये काढलेला. मुलाच्या जिवावर खातं चालतं अशी तिची पक्की समजूत होती, आणि ती निवांतरावांनीच वर्षानुवर्षं जोपासली होती. आई म्हणाली, मी तुझ्याबरोबर येऊन बसते. नाही म्हणायला त्यांना कारण सुचेना.

ती खिडकीसमोरच्या बाकड्यावर बसली. पहिलेच गृहस्थ गुडघ्यापर्यंत भिजलेले. त्यांच्या गल्लीत पाइप फुटला होता. निवांतरावांचा हात सवयीनं चष्म्याकडे गेला.

"काळजी करू नका," आई त्या गृहस्थांना म्हणाली. "माझा मुलगा आहे. आत्ता करतो बघा."

निवांतरावांचे कान तापले. त्यांनी तक्रार लिहून घेतली आणि चक्क स्वतः फोन उचलून फिटरला लावला. त्यांचा आवाज ऐकून फिटरनं घाबरून विचारलं, "कोण गेलं?"

जेवणाच्या सुट्टीपर्यंत रांग संपली. रांग आईनेच लावली होती. 'पुढे सरका' हे शब्द तिच्या तोंडून असे काही निघत की बाकड्यावरचा शिपाईही उठून चार पावलं पुढे सरकला.

साहेब खूश झाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी आईला गादीची खुर्ची दिली आणि तिथेच फसले. त्या खुर्चीवरून त्यांची केबिनही स्पष्ट दिसायची.

दुपारी आई केबिनच्या दारात जाऊन उभी राहिली. "साहेब, ही बाई सकाळपासून तुमच्या सहीसाठी ताटकळते आहे. तब्येत बरी नाही का तुमची?" स्वरात नुसती काळजी. साहेबांनी मुकाट्यानं सही केली, आणि संध्याकाळी निवांतरावांना बाजूला घेऊन घरचा रंग कधी वाळणार याची चौकशी केली.

रंग वाळला. शेवटच्या दिवशी घरी जाताना आई बसच्या खिडकीबाहेर बघत म्हणाली, "बाकड्यावर बसलं की लोक बोलतात रे. तुला काय म्हणतात ते कळलं मला."

निवांतरावांना या वेळी चष्मा पुसायचंही सुचलं नाही.

"पण आज ते पहिल्या दिवशीचे भिजलेले गृहस्थ पाणी आलं म्हणून सांगायला आले, तेव्हा तू उठून उभा राहिलास," आई म्हणाली. "तुला कुणी सांगितलं नव्हतं."

आई पुन्हा कचेरीत गेली नाही. निवांतरावही काही एका रात्रीत बदलले नाहीत; दुपारी त्यांचा वेग अजून ओसरतो. पण जेवायला बसलं की आई विचारते, टाकीजवळच्या गल्लीचं काय झालं, त्या शिवणकाम करणाऱ्या बाईंचा नळ आला का? तिला आता सगळी माणसं ठाऊक. रोज नवी थाप रचायची आणि ती ध्यानात ठेवायची, एवढे श्रम निवांतरावांना झेपत नाहीत. त्यापेक्षा नळ दुरुस्त करून टाकणं त्यांना सोपं पडतं.