सर्वांत खालचा प्लॉट

कंपनीच्या ड्रॉइंग ऑफिसात सरळ रेघा ओढून ओढून अनंतराव देवस्थळींचा स्वभावही सरळ झाला होता, म्हणजे वाकायचं म्हटलं की त्यांना त्रास व्हायचा. चौऱ्याहत्तर साली कंपनीतल्या लोकांच्या सोसायटीने काळेवाडीच्या उतारावर घरांसाठी जागा घेतली आणि नकाशाचं काम आपसूक त्यांच्या गळ्यात पडलं. फुकटच्या कामाला माणूस शोधायला सोसायट्यांना वेळ लागत नाही.

अध्यक्ष दौलतरावांना घाई होती. पावसाआधी सगळा उतार एकदम सपाट करून टाकू म्हणाले. अनंतराव अडून बसले. उताराच्या पायथ्याशी सोजराबाईंची विहीर होती. तिचं पाणी निम्मी आळी पीत होती, आणि अनंतराव नि त्यांच्या पत्नी पद्मजाबाई सोजराबाईंच्याच खोलीत भाड्याने राहत होते. उकरलेली माती पावसात थेट त्या विहिरीत उतरणार. म्हणून त्यांनी नकाशातच सगळं मांडलं. उतार एकदम नाही, अर्धा अर्धा खोदायचा, मधलं गवत काढायचं नाही, आडवे दगडी बांध घालायचे. आणि सर्वांत खालच्या प्लॉटमध्ये मोठा खड्डा ठेवायचा, म्हणजे गढूळ पाणी तिथे थांबेल, गाळ खाली बसेल आणि नितळ पाणी पुढे जाईल. वरची घरं होईपर्यंत, दोन पावसाळे तरी, त्या प्लॉटवर घर बांधायचं नाही.

तो प्लॉट कुणाचा, असं सभेत एक सभासद, मारुतराव, यांनी विचारलं. ज्याच्या नशिबी येईल त्याचा, असं अनंतराव म्हणाले आणि सभेने हसत हसत मंजुरी दिली. दुसऱ्याच्या नशिबाला मंजुरी द्यायला कुणाचं काय जातं!

प्लॉटच्या चिठ्ठ्या देवळात निघाल्या, प्रत्येक घरच्या बाईच्या हाताने. पद्मजाबाईंनी मोठ्या श्रद्धेने डबा ढवळला, आणि नेमका खड्ड्याचा प्लॉट काढला.

घरी येऊन अनंतरावांनी नकाशा पसरला. खड्डा शेजारी, मारुतरावांच्या प्लॉटमध्ये सरकवायला एक खोडरबर पुरे होता. तिथे निम्मा गाळ अडला असता, आणि निम्मा म्हणजे काही कमी नाही, असं मन त्यांना पटवत होतं. लग्नापासून बायको स्वतःच्या घराची वाट बघत होती. आपल्याच हाताने आपण ते लांबवलं याचं त्यांना फार वाईट वाटलं.

पद्मजाबाई हंडा घेऊन दारात उभ्या होत्या.

“रबर खाली ठेवा,” त्या म्हणाल्या. “रोज त्या विहिरीवर मला जायचं असतं. सोजराबाईंना तोंड मला दाखवायचंय.”

रबर खाली गेला. दोन्ही पावसाळे दणदणीत झाले. खड्डा चहाच्या रंगाच्या पाण्याने भरत राहिला, विहीर मात्र स्वच्छ राहिली. वरची घरं एकेक करून उभी राहिली आणि त्यांच्या वास्तुशांतीची जेवणं हे दोघं मुकाट्याने जेवून आले. तिसऱ्या वर्षी गाळ उपसला, तेव्हा वरची मंडळी घमेली घेऊन खड्ड्याच्या काठावर हजर. त्यांच्या अंगणात नुसता मुरूम उरला होता, तिथे गुलाब कुठला जगायला! पद्मजाबाईंनी सगळ्यांना हसून माती दिली, आणि सगळ्यांत जास्त स्वतःला ठेवली.

भूमिपूजनाच्या दिवशी सोजराबाई भरलेला हंडा डोक्यावर घेऊन चढ चढून आल्या.

“माझ्या हिरीपायी तुमी दोन वर्सं घराबिगर ऱ्हायला,” त्या म्हणाल्या. “आता घर हुभं ऱ्हाईस्तवर पानी माझ्याच हिरीचं. दुसरीकडं जायाचं न्हाई.”

अनंतरावांचे डोळे भरून आले. त्यांनी हंडा उतरवून घेतला, घराच्या पायासाठी खणलेल्या चरात त्यातलं पाणी घातलं आणि सोजराबाईंच्या पाया पडायला वाकले. त्या दिवशी वाकताना त्यांना काही म्हणजे काही त्रास झाला नाही.