रोज पुसलेली निळी गाडी

मावशींच्या हातात फडकं आलं की धुळीची खैर नसे. इमारतीखालच्या पार्किंगमध्ये बावीस गाड्या, आणि सकाळी नऊच्या आत बावीसही पुसून झालेल्या. अकरा वर्षं हे चाललं होतं, एक खाडा नाही. नवऱ्याची कंबर गेली तेव्हा त्याचं काम मावशींनी उचललं आणि त्याच्यापेक्षा चोख केलं. हे तो स्वतःच चारचौघांत सांगायचा. आता नवऱ्याने बायकोबद्दल असं बोलायचं म्हणजे काम किती चोख असेल ते तुम्हीच बघा. घर त्या बावीस गाड्यांवरच चालत होतं.

त्यांतली मावशींची लाडकी म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या सरांची गडद निळी गाडी. सर शाळेतून निवृत्त झालेले, पण तपासणीची खोड काही निवृत्त झाली नव्हती. रोज सकाळी खाली यायचे, बॉनेटवरून एक बोट ओढायचे आणि ते डोळ्यांजवळ नेऊन बघायचे. धूळ दिसली तर "मावशी, आज घाई होती वाटतं?" एवढंच. मावशींना तेवढं पुरायचं. दुसऱ्या दिवशी त्या निळ्या गाडीवर दुप्पट जोर लावायच्या. पाण्याची बादली कधीमधी, बाकी रोज आपलं कोरडं फडकं.

मग सरांच्या मुलीला दुसऱ्या गावी नोकरी लागली आणि सरांनी गाडी तिला द्यायचं ठरवलं. नीट बघावी म्हणून उन्हात काढली, आणि काय बघतात, बॉनेटभर बारीक गोल ओरखडे. पार्किंगच्या सावलीत ते कधी कुणाला दिसलेच नव्हते. सरांनी गाडी परत पार्किंगमध्ये जागेवर लावली, मागच्या गल्लीतल्या गॅरेजमधून पेंटरला बोलावलं आणि स्वतः गाडीचे कागद आणायला वर गेले.

पेंटरने दिवा जवळ धरून पाहिलं. "मावशी, रोज कोरडंच पुसता?"

"रोज. एक दिवस चुकवत नाही," मावशी ताठ मानेने म्हणाल्या.

"तेच नडलं. धूळ म्हणजे बारीक रेतीच हो. कोरड्या फडक्याने ती रंगावर घासली जाते. आठवड्यातून एकदा धुवायची गाडी. आधी नुसतं पाणी ओतून धूळ वाहून जाऊ द्यायची, मग शाम्पूच्या पाण्याने हलका हात फिरवायचा. पक्ष्याची घाण पडली तर मात्र त्याच दिवशी भिजवून काढायची. बाकी दिवस गाडीला हात लावायचा नाही."

अति तिथे माती म्हणतात. इथे माती आधीच होती, अति तेवढं मावशींनी केलं होतं.

पेंटर भला माणूस. आवाज खाली आणून म्हणाला, "सरांना मी सांगतो, उन्हाने झालंय. तुमचं नाव कशाला मध्ये?"

मावशी हातातल्या फडक्याकडे बघत राहिल्या. ही गाडी तर तशीही जाणारच होती. पण खरं सांगावं तर संध्याकाळपर्यंत गोष्ट चारही मजल्यांवर पोचणार, आणि उरलेल्या एकवीस मागोमाग जाणार. गप्प बसावं तर उद्या सकाळी तेच फडकं घेऊन, सगळं कळून सवरून, त्याच एकवीस गाड्या घासायच्या? जिन्यात सरांच्या चपला वाजल्या.

"सर, उन्हाने..." पेंटरने सुरुवात केली.

"उन्हाने नाही," मावशी म्हणाल्या. "माझ्या फडक्याने झालंय, सर. रोज कोरडं पुसलं, ते चुकलं. मला आत्ता कळलं."

सर पुढे आले. दिवा घेऊन वाकले आणि बघत राहिले. गोल ओरखडे तर होतेच, पण बॉनेटच्या कडेला काही सरळ रेघाही होत्या, एकीशेजारी एक. सरांनी एका रेघेवर बोट टेकवलं. बरोबर बसलं. मावशींना त्या रेघा मघाशीच दिसल्या होत्या, पण त्या बोलल्या नव्हत्या. पेंटर उगाच छताकडे बघायला लागला.

"या माझ्या," सर म्हणाले. "अकरा वर्षं पेपर तपासला आणि शेवटी पेपरच फाडला की मी." मग म्हणाले, "रविवारी सगळ्यांना खाली बोलावतो. तुम्ही सांगा, मी शेजारी उभा राहतो."

रविवारी सगळे खाली जमले तेव्हा मावशी पुढे झाल्या. त्या म्हणाल्या, "आधी माझं चुकलं ते सांगते." आणि सगळं सांगितलं. यापुढे रोज चारच गाड्या, पण पाण्याने, नीट. प्रत्येक गाडीला आठवड्यातला एक वार. पटत नसेल त्याने दुसरं माणूस बघावं, हेही सांगून टाकलं. सरांनी स्वतःच्या रेघांचं सांगितलं, तेव्हा दोघंतिघं हसले. बाकीचे आपापल्या गाड्यांकडे बघायला लागले.

चौथ्या मजल्यावरचे गृहस्थ, ज्यांच्या नाकावर माशी बसत नाही, ते आपल्या काळ्या गाडीपाशी गेले. वाकून, डोळे बारीक करून बॉनेट न्याहाळत राहिले. गेलं सगळं, मावशींना वाटलं. घरी जाऊन नवऱ्याला काय सांगायचं, तेच त्या मनात जुळवायला लागल्या.

गृहस्थ वळले. "मावशी, गुरुवारी मी पहाटेच निघतो. तो सोडून माझा वार कुठलाही ठेवा."

"मंगळवार ठेवते," मावशी म्हणाल्या, आणि पायरीवर बसल्या. तोवर बाकीचे आपापले वार सांगायला त्यांच्याभोवती जमले होते.