सहाजणांची पंगत

सहा सिलिंडरच्या इंजिनाला मी पंगतीसारखं वाढलं. ओळीच्या एका टोकाला उभी राहिले आणि पहिल्यापासून सहाव्यापर्यंत वायरी लावत सुटले. हा गाढवपणा केला तेव्हा माझं वय तसं लहानच होतं, बासष्ट. अक्कल यायला अजून अवकाश होता.

नातवंडांना हा किस्सा सांगताना ती बासष्टची बाई कुणी दुसरीच असल्यासारखं सांगते. काय तिचा तोरा! श्रावण सोमवारच्या महाप्रसादाला वाढायला तीच लागायची. भाताचं भगुणं घेऊन ओळीच्या या टोकाला शिरली की त्या टोकालाच बाहेर. मधला एक माणूस सुटायचा नाही, एका पानावर दोनदा भात पडायचा नाही. अख्खा मांडव जेवू घालणाऱ्या बाईला सहा भोकांत सहा वायरी खोचता येणार नाहीत? असा तिचा हिशेब.

गाडी माझ्या सासऱ्यांची. अमेरिकेहून आलेली, बोजड, आणि बॉनेट एवढं लांब की त्याखाली सहा सिलिंडर एकामागे एक ओळीत बसलेले. सासरे गेल्यावर ती पालीच्या शेतात पत्र्याखाली पडून होती. मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालायच्या, आणि खरं सांगायचं तर मला तो उपयोग पसंत होता. आमच्या ह्यांनी दुकान मुलाच्या हवाली केलं आणि ट्रॅक्टरला बांधून गाडी बीडला, घरामागच्या शेडात आणली. मग काय विचारता! इंजिन उतरवलं, एकेक नटबोल्ट डिझेलमध्ये धुतला. माझे चांगले स्टीलचे डबे व्हॉल्व्ह ठेवायला गेले. मी दारात उभी राहून विचारायचे, "बाजूला चकल्या ठेवू का थोड्या?" आणि जवळ जाऊन एखादी वस्तू उचलायला गेले की ठरलेलं वाक्य यायचं, "आधी हात धू. पीठ लागलंय." पीठ लागलेलं नसलं तरी.

मग ह्यांचा हात थरथरायला लागला. आधी चहाची बशी वाजायची, मग सदऱ्याच्या गुंड्या लागेनात, मग चालायला काठी आली. डॉक्टरांनी कंपवाताच्या गोळ्या दिल्या आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, "माणसाला हलतं ठेवा. एका जागी बसू देऊ नका."

इंजिन तोवर जुळून पुन्हा गाडीत बसलं होतं. टॅपेटं लावायची होती. व्हॉल्व्हच्या डोक्यावर केसभर फट ठेवायची असते, ती पातळ पत्ती सरकवून मोजतात. एकदा इंजिन थंड असताना अंदाजानं, आणि चालून गरम झालं की पुन्हा नेमकी. थंडपणी ह्यांनी कशीबशी लावली. पत्ती हातातून निसटायची, हे वाकून उचलायचे, ती पुन्हा पडायची. शेवटचं टॅपेट लागलं आणि ह्यांनी इंजिनावर जुनी चादर टाकली.

"गरम इंजनात हा हात घालू का? राहू दे."

शेड बंद झालं. हे खिडकीशी खुर्ची टाकून बसायला लागले. आमच्या त्या खिडकीतून शेजाऱ्यांची भिंत दिसते, दुसरं काही नाही. तीच बघायची, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत. जेवायला हाक मारली तर "भूक न्हाई." फिरायला चला म्हटलं तर "तू जा."

अशात सोलापूर रस्त्यावरचा एक ढाबेवाला आला. त्याला ढाब्यापुढं जुनी गाडी उभी करायची होती, लोक फोटो काढतील म्हणून. चालू आहे का, असं त्यानं विचारलं. हे म्हणाले, "फोटोला चालू कशाला लागती? मंगळवारी घेऊन जा."

मला गाडीचं एवढं कौतुक कधीच नव्हतं. पण गाडी गेली की हा माणूस त्या भिंतीपुढून उठत नाही, एवढं मला स्वच्छ दिसत होतं. काय करावं ते मात्र सुचत नव्हतं.

सुचलं ते सोमवारी, महाप्रसाद वाढून घरी आल्यावर. अंगात वाढपाचा जोर होताच. सूनबाईला म्हटलं, "चल शेडात. गाडी चालू करू."

"आई, त्यातलं काय येतंय आपल्याला?"

"वायरीच राहिल्यात. ही गोल डबी, डिस्ट्रिब्युटर, सहाजणांना ठिणगी वाटते. वाटते म्हणजे वाढतेच की!"

"मग मी पापड घेऊन येते," सूनबाई म्हणाली. पण आली.

ट्रॅक्टरची बॅटरी लावली, स्कूटरमधलं पेट्रोल काढून ओतलं. डबीच्या पहिल्या भोकाशी ह्यांनी सूनबाईच्या नेलपॉलिशचा ठिपका देऊन ठेवला होता. तिथून सुरुवात करून डबीच्या एकेका भोकातली वायर ओळीतल्या एकेका सिलिंडरला लावत मी झरझर पुढं गेले, एक, दोन, तीन. सहावी वायर खोचली तेव्हा कंबरेवर हात ठेवून उभी राहिले, मोठी इंजिनिअर!

सूनबाईनं सेल मारला. घरघर. पुन्हा मारला. मग असा बार निघाला की पत्र्यावरची कबुतरं उडाली, शेजारची शेळी दावं तोडून पळाली, आणि मी "शिव शिव" म्हणत पिंपामागं बसले. धूर जरा विरला तेव्हा चपला घासत येत असल्याचा आवाज आला. हे दारात उभे. काठी घरातच राहिलेली.

"कावून वाजलं?"

मी पिंपामागून बाहेर आले.

"वायरी कुणी लावल्या?"

सूनबाईनं लगेच माझ्याकडं बोट केलं. घरचीच माणसं अशी.

"कशा लावल्या?"

"ओळीनं. पंगतीत वाढतात तशा."

हे माझ्याकडं बघत राहिले आणि त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, कंप वाढला. हे हसत होते.

"अगं येडे, ही पंगत येगळी हाय. पैला, पाचवा, तिसरा, सहावा, दुसरा, चौथा."

"असं कुठं वाढतात? माणसं उठून जातील."

"शेजारी शेजारी वाढलं तर सगळी पंगत हलती. एक हिकडं, एक तिकडं, तवा तोल ऱ्हातो. तुझ्या पंगतीत दोघंच जेवले, पैला आन् तिसरा. बाकीचे भांडून उठले. त्याचाच आवाज आला."

ह्यांनी स्टूल ओढलं आणि बोटानं भोकं दाखवायला लागले. बोट थरथरत दोन भोकांवर फिरायचं.

"हे का ते?"

"तेच."

"तेच म्हणजे कोणतं?"

"ज्याच्यावर बोट जास्त येळ हाय ते!"

शेवटी मी मनात माणसं बसवली. पहिल्या पानावर सासरे. पाचव्यावर नणंदेचे यजमान, कारण त्यांना उशीर झालेला कधीच चालला नाही. अशी एकेक वायर बदलत शेवटच्या, म्हणजे चौथ्या पानापर्यंत आले आणि सूनबाईला हात केला.

सेल घरघरला, इंजिन शिंकलं, खोकलं, काळा धूर सोडला आणि धरलं. आधी अडखळत, मग एका लयीत. वरून टॅपेटांची टकटक तेवढी ऐकू येत होती. ह्यांनी मडगार्डवर तळहात ठेवला. इंजिन थरथरत होतं, हातही थरथरत होता. कोण कुणाला हलवतंय ते कळेना.

"बाबा, उद्या ढाबेवाल्याला काय सांगू?" सूनबाईनं विचारलं.

"म्हणावं, फोटो काढायचा आसंल तर हितं ये."

इंजिन बराच वेळ तसंच चालू ठेवलं. मग ह्यांनी बंद करायला लावलं. माझे हात कोपरापर्यंत काळे झाले होते. मी नळाकडं वळले, तर मागून हाक आली.

"अगं, हात धुऊ नको आत्ताच. इंजन गरम हाय तवर टॅपेटं लावायचीत. ती पत्ती घे."